अनेक चित्रें, एकच खेप

स्वयंपाक चालू असतां हळद संपल्याचें लक्षांत येतें आणि घरांतील मुलाला वाण्याकडे धाडलें जातें. तो परत येतो न येतो तोंच जिरें नाहीं असें कळतें. पुन्हां एक खेप. मग मीठ, मग गूळ. चारही जिन्नस मिळून वजन असें फारसें नसतें, परंतु मुलाचा सारा वेळ जाण्यायेण्यांत गेलेला असतो. शहाणी गृहिणी यादी करून सर्व जिन्नस एकाच खेपेंत आणविते. आज ज्या युक्तीविषयीं मी बोलणार आहें, तिचें मर्म या साध्या गोष्टींत आहे. संकेतस्थळें रचणारे लोक तिला ‘सीएसएस इमेज स्प्राइट’ असें म्हणतात. ती शिकावयास अवघड नाहीं. परंतु ती कोठें वापरावी आणि कोठें वापरूं नये, हें कळावयास थोडा विचार लागतो. आणि तो न केल्यास काय होतें, हें मीं स्वतःच्या चुकीवरून जाणलें आहे.

प्रथम वेबपान उघडतांना काय घडतें तें पाहूं. आपण मोबाइलवर अथवा संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहितों, तेव्हां आपल्याकडील ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे त्या पानाची मागणी करतो. सर्व्हर पान पाठवितो. परंतु तें पान म्हणजे केवळ मजकूर असतो. अमुक जागीं अमुक नांवाचें चित्र बसवावें, एवढी सूचना मात्र त्यांत असते. ती वाचून ब्राउझर प्रत्येक चित्रासाठीं स्वतंत्र मागणी करतो. पानाच्या माथ्यावर घर, पुस्तक, घंटा, पाकीट आणि भिंग अशीं पांच चिमुकलीं चित्रें असतील, तर पांच खेपा ठरलेल्या. चित्र लहान असलें म्हणून खेप लहान होत नाहीं, हा यांतील मुख्य मुद्दा आहे. मागणी जावयाला आणि उत्तर यावयाला जो वेळ लागतो, तो अंतरावर आणि जोडणीच्या प्रकृतीवर अवलंबून असतो. अशा बारीक चित्रांच्या बाबतींत मालाच्या वजनाचा भाग त्यांत अल्प असतो.

यांत आणखी एक अडचण होती. ब्राउझर व सर्व्हर यांचा संवाद ज्या नियमांनीं चालतो, त्यांस एचटीटीपी म्हणतात. त्यांच्या १.१ या आवृत्तीचें जें नियमपत्रक १९९९ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत ब्राउझरनें एका सर्व्हरशीं एका वेळीं दोहोंहून अधिक जोडण्या ठेवूं नयेत असें सांगितलें होतें. व्यवहारांत एका जोडणीवर एका मागणीचें उत्तर पुरें झाल्यावांचून दुसरी मागणी पुढें सरकत नसे. पुढें ब्राउझरांनीं ही मर्यादा सहापर्यंत वाढविली, तथापि रांग राहिलीच. थोडा हिशेब करून पाहा. समजा, एका खेपेस २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पांचवा भाग लागतो. दहा चित्रें दोन-दोन करून आणलीं तर पांच फेऱ्या, म्हणजे एक पूर्ण सेकंद. तींच दहा चित्रें एका पत्रकावर काढून आणलीं तर काम सेकंदाच्या पांचव्या भागांत उरकतें. एक सेकंद ऐकावयास क्षुल्लक वाटतो; परंतु ज्या गांवीं जोडणी मंद आहे तेथें एकाचे पांच व्हावयास वेळ लागत नाहीं, आणि वाट पाहणारा मनुष्य कंटाळून निघून जातो.

तेव्हां सर्व चित्रें एका मोठ्या चित्रांत शेजारीं शेजारीं मांडावीं, तें एकच चित्र एकदां मागवावें, आणि पानावर जेथें ज्याची गरज असेल तेथें त्याचा तेवढाच तुकडा दाखवावा, ही झाली स्प्राइटची युक्ति. स्प्राइट या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ परी अथवा तसलीच एखादी चपळ योनि. संगणकावरील खेळांत मागचा देखावा तसाच ठेवून त्याच्यावरून फिरणाऱ्या लहान आकृत्यांना हें नांव पडलें. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीनें १९७९ सालीं आणलेल्या एका चित्रदर्शक चिपमध्यें अशा ३२ आकृत्यांची सोय होती. खेळांतील पात्राच्या अनेक अवस्था एका पत्रकावर काढून ठेवण्याची रीतही खेळांच्या जगांतलीच. तेथून ती नांवासकट वेबवर आली.

वेबपानाचें रूप ठरविणारी भाषा म्हणजे सीएसएस. तिची पहिली आवृत्ति डिसेंबर १९९६ मध्यें वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें मान्य केली, आणि चौकटीमागील चित्र कोठून दिसूं लागावें हें सांगण्याची सोय तींतच होती. म्हणजे हत्यार आधीं तयार होतें, उपयोग मागाहून सुचला. कॅनडांतील डेव्ह शे या रचनाकारानें मार्च २००४ मध्यें ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकांत लेख लिहिला आणि ही पद्धति सर्वांच्या परिचयाची झाली. २००७ सालीं स्टीव्ह साउडर्स यांनीं संकेतस्थळांच्या वेगावर पुस्तक लिहिलें. त्यांतील पहिलाच नियम ‘मागण्या कमी करा’ असा असून त्याखालीं स्प्राइटची पद्धति दिलेली आहे. गूगल, याहू, ॲमेझॉन यांसारख्या मोठ्या संकेतस्थळांनींही तिचा अवलंब केला होता.

आतां ही युक्ति हातानें करून पाहूं. जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या मधोमध तीन सेंटिमीटर बाजूची चौरस खिडकी कापा. मग कागदाची एक पट्टी घ्या, तीन सेंटिमीटर उंच आणि पंधरा सेंटिमीटर लांब. तिचे पांच समान चौरस करून त्यांत घर, पुस्तक, घंटा, पाकीट व भिंग अशीं चित्रें क्रमानें काढा. पट्टी पुठ्ठ्यामागें धरा. पहिला चौरस खिडकींत बसला कीं घर दिसेल. पुठ्ठा हलवूं नका. पट्टी तीन सेंटिमीटर डावीकडे सरकवा. पुस्तक आलें. एकूण सहा सेंटिमीटर सरकविली कीं घंटा आली. ज्यांनीं लहानपणीं जत्रेंत पेटीच्या भोकाला डोळा लावून ताजमहाल पाहिला असेल, त्यांना हें निराळें सांगावयास नको. भोंक जागच्या जागीं राहतें, चित्रें सरकतात.

एवढी एक गोष्ट मनांत पक्की करावी. उजवीकडचें चित्र पाहावयाचें तर पट्टी डावीकडे न्यावी लागते; आणि डावी दिशा गणितांत उणी, म्हणून आंकडा उणा येतो. नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ या उण्या चिन्हापाशीं होतो, कारण खिडकी सरकते अशी त्यांची कल्पना असते. पुठ्ठ्याचा प्रयोग एकदां केला कीं हा गोंधळ पुन्हां होत नाहीं.

पुठ्ठ्याची खिडकी म्हणजे पानावरील चौकट, आणि पट्टी म्हणजे स्प्राइटचें पत्रक. सेंटिमीटरांच्या जागीं पिक्सेल घेऊं. प्रत्येक चित्र ३२ पिक्सेल रुंद व ३२ पिक्सेल उंच धरा. पांच चित्रें एका ओळींत, म्हणजे पत्रक १६० पिक्सेल रुंद. त्याखालीं दुसरी ओळ करून तींच पांच चित्रें गडद रंगांत काढा. पत्रकाची उंची ६४ झाली. दहा चित्रें, एक फाइल.

सीएसएसमध्यें आतां चार सूचना द्यावयाच्या. पहिली चौकटीच्या मापाची: विड्थ ३२ पिक्सेल, हाइट ३२ पिक्सेल. दुसरी बॅकग्राउंड-इमेज, जींत पत्रकाच्या फाइलीचा पत्ता द्यावयाचा. तिसरी बॅकग्राउंड-रिपीट, तिला नो-रिपीट असें सांगावें, म्हणजे चित्र फरशीच्या नक्षीसारखें पुन्हां पुन्हां उमटणार नाहीं. चौथी बॅकग्राउंड-पोझिशन, आणि सारी करामत हिच्यांत आहे. तिला दोन आंकडे लागतात. पहिला आडवा, दुसरा उभा. घरासाठीं ० आणि ०. पुस्तकासाठीं उणे ३२ आणि ०. घंटेसाठीं उणे ६४ आणि ०. पाकिटासाठीं उणे ९६, भिंगासाठीं उणे १२८. उभा आंकडा तोच. सूत्र असें कीं, चित्राच्या क्रमांकांतून एक वजा करावा, उरेल त्याला रुंदीनें गुणावें आणि पुढें उणे चिन्ह द्यावें. पहिल्या तीन सूचना पांचही चौकटींना समान असल्यामुळें एकदांच लिहाव्या. चौथी मात्र प्रत्येकीची निराळी.

दुसरी ओळ कशाला, असें कोणी विचारील. माऊसचा बाण चित्रावर आला कीं चित्राचा रंग बदलावा, अशी रीत आहे. त्या अवस्थेला होव्हर म्हणतात. पूर्वीं त्यासाठीं दुसरें चित्र आयत्या वेळीं मागविलें जाई, आणि तें येईपर्यंत जागा क्षणभर रिकामी दिसे. पत्रक आधींच आलेलें असेल तर केवळ उभा आंकडा ० चा उणे ३२ करावयाचा. घंटेची स्थिति उणे ६४ आणि उणे ३२ झाली कीं गडद घंटा तत्क्षणीं पुढें येते. जे लोक माऊस न वापरतां कीबोर्डनें फिरतात, त्यांच्यासाठीं हाच नियम फोकस या अवस्थेलाही लावावा.

नवशिक्याला अडखळविणाऱ्या चार जागा सांगून ठेवतों. पहिली ही कीं, मजकुराच्या ओळींत बसणाऱ्या लिंकसारख्या घटकाला रुंदी-उंची सांगितली तरी तो ती मानीत नाहीं. त्याला डिस्प्ले या सूचनेनें आधीं इनलाइन-ब्लॉक करावें लागतें. असें न केल्यामुळें चित्र अजीबात दिसत नाहीं आणि शिकणारा फाइलीच्या पत्त्यांत चूक शोधीत बसतो. दुसरी जागा शेजाऱ्याची. चौकट कांहीं कारणानें मोठी झाली कीं पुस्तकाशेजारीं घंटेची कड डोकावूं लागते. म्हणून चित्रांमध्यें थोडें अंतर सोडावें. आठ पिक्सेल सोडले तर सूत्रांत ३२ च्या जागीं ४० येतील, आणि घंटेचा आंकडा उणे ८० होईल.

तिसरी जागा टक्क्यांची. स्थिति टक्क्यांतही सांगतां येते, परंतु तेथें हिशेब निराळा असतो. पांच चित्रें एकमेकांस लागून असतील तर त्यांचे आंकडे ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के असे येतात. पांचांनीं नव्हे, तर चारांनीं भागावें लागतें. पट्टीचें डावें टोक खिडकीच्या डाव्या कडेला असतां ० आणि उजवें टोक उजव्या कडेला टेकलें कीं १००, हें ध्यानांत घेतलें म्हणजे उलगडा होतो. पांच खांबांमध्यें अंतरें चारच असतात. चौथी जागा दाट पडद्यांची. हल्लींच्या मोबाइलच्या पडद्यावर ३२ पिक्सेलांचें चित्र पुसट दिसतें. यावर उपाय असा कीं, पत्रक दुप्पट, म्हणजे ३२० बाय १२८ काढावें, आणि बॅकग्राउंड-साइज या सूचनेनें तें १६० बाय ६४ इतकें मानावें असें सांगावें. मग स्थितीचे आंकडे बदलावे लागत नाहींत.

या युक्तीला किंमतही द्यावी लागते. एक घंटा बदलली तरी सगळें पत्रक पुन्हां पाठवावें लागतें, आणि वाचकाच्या ब्राउझरनें जपून ठेवलेली जुनी प्रत वायां जाते. शिवाय हौसेनें सगळ्या संकेतस्थळाचीं चित्रें एका अवाढव्य पत्रकावर घालण्याचा मोह होतो. तें पत्रक दाबून लहान फाइलींत बसविलें असलें तरी दाखवितांना उलगडावें लागतें, आणि उलगडलेल्या प्रत्येक पिक्सेलला सामान्यतः चार बाइट लागतात. १००० बाय १००० पिक्सेलांचें पत्रक म्हणजे ४० लाख बाइट, मग त्यांतली निम्मी जागा रिकामी कां असेना. यादी करावी हें खरें; परंतु वर्षाचा बाजार एका पिशवींत भरूं नये.

आतां माझी चूक सांगतों. आमच्या भागांतील एका वाचनालयासाठीं मीं हौसेनें एक पान तयार केलें. वर सांगितलेलींच पांच चित्रें होतीं. घर म्हणजे मुखपृष्ठ, पुस्तक म्हणजे ग्रंथसूची, घंटा म्हणजे सूचना, पाकीट म्हणजे पत्रव्यवहार, भिंग म्हणजे शोध. अक्षर एकही नव्हतें. पान झटकन उघडे, आणि माझा मलाच अभिमान वाटे. वाचनालयाच्या सभासदांत माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याची दृष्टि गेलेली असून तो पडद्यावरील मजकूर मोबाइलकडून वाचवून घेतो. त्यानें तें पान उघडून मोबाइल माझ्या कानापाशीं धरला आणि म्हणाला, “गुरुजी, ऐका. नुसतें ‘लिंक, लिंक, लिंक’ एवढेंच ऐकूं येतें. पुस्तक कोठें मागावयाचें तें सांगा.” ज्या विद्यार्थ्याला मीं अक्षरें गिरवावयास शिकविलें होतें, त्याच्यापुढें मीं अक्षरावांचून पान मांडलें होतें.

याचें कारण युक्तीच्या पोटांतच आहे. वेबपानावर चित्र दोन प्रकारें ठेवतां येतें. पहिल्या प्रकारांत तें मजकुराचा भाग असतें, आणि ऑल्ट या नांवाखालीं त्याचें वर्णन शब्दांत देतां येतें. वाचून दाखविणारा कार्यक्रम तें वर्णन उच्चारतो. दुसऱ्या प्रकारांत चित्र चौकटीमागची पार्श्वभूमी असतें. म्हणजे भिंतीवरच्या रंगासारखें. भिंतीचा रंग कोणी वाचून दाखवीत नाहीं. स्प्राइट हा या दुसऱ्या प्रकारांतला. म्हणून त्यांतलें चित्र डोळसाला पुस्तक वाटलें, तरी अंधाला तेथें कांहींच नसतें. चित्राची फाइल वाटेंत अडली तर डोळसालाही कांहीं दिसत नाहीं. आणि पान कागदावर छापूं लागलें तर ब्राउझर पार्श्वभूमीचीं चित्रें बहुधा गाळून टाकतो.

उपाय सोपा आहे. लिंकच्या आंत शब्द लिहावा. ‘ग्रंथसूची’, ‘सूचना’, ‘शोध’. चित्र शेजारीं शोभेला असावें. जागा अगदींच नसेल तर एरिया-लेबल या गुणधर्मांत तें नांव द्यावें, म्हणजे डोळ्यांना न दिसलें तरी कानांना ऐकूं येतें. मीं शब्द लिहिले. त्यानंतर असें आढळलें कीं, ज्यांचे डोळे उत्तम आहेत अशा वडीलधाऱ्या सभासदांचीही सोय झाली. भिंग म्हणजे शोध, हें त्यांतील कित्येकांना ठाऊक नव्हतें. संकोचानें कोणी बोललें नव्हतें इतकेंच.

शेवटचा प्रश्न असा कीं, आज ही युक्ति कितपत उपयोगाची आहे? मे २०१५ मध्यें एचटीटीपीची दुसरी आवृत्ति प्रसिद्ध झाली. तिच्यामुळें एकाच जोडणीवर अनेक मागण्या एकाच वेळीं जाऊं लागल्या आणि त्यांचीं उत्तरें एकमेकांसाठीं अडून राहीनाशीं झालीं. जून २०२२ मध्यें तिसरी आवृत्ति आली. वाण्याच्या दृष्टान्तांत बोलावयाचें तर दहा मुलें एकाच वेळीं जाऊन दहा पुड्या घेऊन येऊं लागलीं. प्रत्येक मागणीला अजूनही कांहीं खर्च आहे, परंतु पूर्वींची रांग राहिली नाहीं. शिवाय साध्या आयकॉनसाठीं एसव्हीजी हा प्रकार आला आहे. त्यांत ठिपक्यांऐवजीं रेषांचें वर्णन असतें. असें चित्र कितीही मोठें केलें तरी पुसट होत नाहीं, त्याचा रंग सीएसएसनें बदलतां येतो, आणि तें पानाच्या मजकुरांतच लिहून पाठवितां येत असल्यामुळें त्याला वेगळी खेपही लागत नाहीं. म्हणून आज पांच आयकॉनांचें नवें पान करणाऱ्यानें प्रथम एसव्हीजीचा विचार करावा.

याचा अर्थ स्प्राइट शिकूं नये असा नाहीं. जुन्या संकेतस्थळांची दुरुस्ती करणाऱ्याला त्या उण्या आंकड्यांचा अर्थ कळलाच पाहिजे. खेळांतील पात्र चालवावयाचें असेल, तर त्याच्या पावलांचीं चित्रें एका पट्टीवर काढून सीएसएसमधील स्टेप्स या सोयीनें एकामागून एक खिडकींत आणणें हा अजूनही उत्तम मार्ग आहे. ठिपक्यांचीं बारीक चित्रें पुष्कळ असतील तेथेंही पत्रकाचा उपयोग होऊं शकतो.

परंतु युक्ति शिकावी ती तिच्या कारणासकट. स्प्राइट हें खेपांच्या खर्चावरचें औषध आहे. खर्च नसेल तेथें औषध नुसतें कडू लागतें. तो खर्च आहे किंवा नाहीं हें पाहणें आपल्या हातीं आहे. संगणकावरील ब्राउझरमध्यें डेव्हलपर टूल्स म्हणून जो भाग असतो, त्यांत नेटवर्क या नांवाखालीं किती मागण्या गेल्या आणि प्रत्येकीस किती वेळ लागला, हें ओळीनें दिसतें. पान उघडा, ओळी मोजा, मग ठरवा. आणि पान लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं आणखी एक परीक्षा घ्या: मोबाइलवरील वाचून दाखविण्याची सोय चालू करा, डोळे मिटा, आणि आपलें पान एकदां कानांनीं ऐका. ही परीक्षा मीं उशिरां घेतली. आपण ती आधीं घ्यावी, एवढीच विनंति करून मी आपला निरोप घेतों.